पाचवीतली मुलगी शाळेच्या नावानं रोज सकाळी उलटी करते. काय करू?

प्रीतिसंगमावरची

मी कराडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. मिस्टरांचा टेम्पो आहे, रात्री भाजी भरून वाशी मार्केटला जातात ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत. म्हणजे सकाळी घरात मी, सासूबाई आणि दहा वर्षांची लेक.

आम्ही मूळ पाटण तालुक्यातले. गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. दोन शिक्षक, सगळी मिळून २३ पोरं, हिच्या वर्गात सहा. परिपाठाला सुविचार हीच सांगायची, बाईंच्या खुर्चीत बसून पहिलीच्या पोरांचे पाढे पण घ्यायची. पाचवीला इकडं यावंच लागणार होतं म्हणून मलकापूरला भाड्यानं खोल्या घेतल्या आणि मोठ्या शाळेत सेमीला नाव घातलं. तुकडीत ६७ मुलं.

जून छान गेला. आषाढीच्या दिंडीत तुळस डोक्यावर घेऊन चालली. ऑगस्टमध्ये सोमवारचं पोट दुखायला लागलं. मग सोमवार-गुरुवार. गणपतीची सुट्टी संपली त्या दिवशी रिक्षावाल्या काकांनी हॉर्न दिला आणि ही दारातच भडाभडा ओकली. आज अकरावा दिवस, शाळा नाही. सव्वादहाला रिक्षा निघून गेली की अर्ध्या तासात पोरगी ठणठणीत. रविवारी तर काहीच नसतं.

केलं ते सगळं सांगते. डॉक्टरांनी गॅसचं औषध दिलं. जंताची गोळी झाली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी तीनदा दृष्ट काढली. सायकलीचं आमिष दाखवलं. आणि गेल्या मंगळवारी मी पाठीत दोन धपाटे घातले. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. त्या दिवशी काउंटरला दोनशेचा हिशेब लागेना मला.

विचारलं की एकच उत्तर, "काय नाय. आवडत नाय." वर्गशिक्षिका म्हणतात, लाडावलीय, आणि हजेरी कमी पडली तर आमच्या हातात काही नाही. नाव काढतील का हो? उद्या सकाळी ओढत रिक्षात घालू, की राहू दे? मला रोज दहाला कॅश उघडायची असते, मॅनेजरनं दोनदा ऐकवलंय.

रोखठोक

ताई, राग मानू नका, पण पोर तुम्हाला ओळखून आहे. आमच्या वेळी असं कुणी घरी बसलं की गुरुजी सातवीतली चार थोराड पोरं पाठवायचे. हातपाय धरून उचलबांगडी करत न्यायचे. दोन दिवसांत नाटक बंद. आताच्या पोरांना पोटदुखी म्हटलं की आई हळहळते आणि आजी शिरा करते.

उसातला पळपुटा

रोखठोकभाऊ, ती उचलबांगडी झालेला पोरगा मी. वाळवा तालुका, तिसरी. चौघांनी धरलेलं, चड्डी निम्म्यात उतरलेली आणि विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायका हसत होत्या. शाळेत गेलो की, न जाऊन सांगतो कुणाला? पण पुढची दोन वर्षं संधी मिळाली की उसात जाऊन बसायचो.

मी का पळायचो ते सातवीत कळलं. डोळे तपासणीचं पथक शाळेत आलं आणि मला फळा दिसतच नाही हे निघालं. गुरुजी "फळ्यावरचं वाच" म्हणायचे तेव्हा मला पांढरे वळवळे दिसायचे. मला वाटायचं सगळ्यांना तसंच दिसतं आणि मीच ढ. चार वर्षांत "तू का पळतोस" असं शंभर जणांनी विचारलं असेल. काय सांगणार? मला तरी कुठं ठाऊक होतं.

ताई, मारू नका. ती नुसती बघत राहिली असं तुम्ही लिहिलंय ना, तिथं माझं पोट ढवळलं.

घोडागाडी_ओपीडी

मी मुलांचा डॉक्टर आहे. इथून निदान करणार नाही, तुमच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेल्यावर काय बोलायचं ते सांगतो.

आधी एक गैरसमज. सकाळचं पोट दुखणं आणि उलटी ही नाटकं नसतात. भीती वाटली की आतडं आवळतं, मळमळतं, खरंच दुखतं. रिक्षा गेली की भीती जाते, म्हणून दुखणंही जातं. रविवारी काही होत नाही याचा अर्थ ती खोटं बोलते असा नाही.

तरी शरीर एकदा नीट बघून घ्या. लघवीची तपासणी करा. साध्या कपात होते, स्वस्त असते आणि नेमकी हीच राहून जाते. शी रोज होते का, कडक होते का ते विचारा. डोळे तपासा. दुखण्यानं रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल, ताप असेल, उलटीत किंवा शीमध्ये रक्त असेल, तर मात्र "शाळेची भीती" म्हणून थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

आणि एकदा निवांत, मारल्याचा विषय निवल्यावर, एकटीला विचारा : शाळेत, रिक्षात, शिकवणीत कुणी नको तिथं हात लावतं का, धमकावतं का. उत्तर "नाही" आलं तरी तुम्ही विचारलंत हे तिच्या लक्षात राहील. तसं काही निघालं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. नुसतं मन घाबरलंय असं वाटलं आणि कराडात कुणी समुपदेशक सापडला नाही, तर सरकारी टेलि-मानस आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ते तुमच्यासाठीही आहे, फक्त पोरीसाठी नाही.

एक महत्त्वाचं : जितके दिवस घरी, तितकं परत जाणं अवघड. अकरा दिवस झालेत. शोध चालू ठेवा, पण त्याच्या नावाखाली महिना घालवू नका.

निवृत्त खडू

बाळ, ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली बरीचशी तुमच्याच डोंगराकडे. वर कुणीतरी उचलबांगडीचं लिहिलंय. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी पोरं पाठवली होती. आजही तो मुलगा बाजारात दिसला की मीच रस्ता बदलतो. आता तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे, शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद. त्याच कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढूनही टाकता येत नाही. तेव्हा नावाची काळजी सोडा. बाईंशी त्यावरून भांडू मात्र नका, त्यांची गरज लागणार आहे.

"शाळा आवडत नाही" हे मुलाचं उत्तर म्हणजे मोट बांधलेलं गाठोडं असतं. शाळा म्हणजे एक गोष्ट थोडीच? रिक्षा आहे, पायऱ्या आहेत, प्रार्थना, हजेरी, बाकावरची शेजारीण, डबा, संडास, पीटीचे सर, गृहपाठाची वही. यातली एखादीच टोचत असते आणि पोरगं सगळं गाठोडंच फेकून देतं. "का" विचारून ते सुटत नाही. "कुठं" विचारा.

मी असं करायचो. जमिनीवर खडूनं दिवस काढायचा. उठण्यापासून शाळा सुटेपर्यंत एकेक चौकोन. मुलाच्या हातात मूठभर चिंचोके द्यायचे आणि म्हणायचं, जिथं नको वाटतं तिथं ठेव, जास्त नको वाटलं तर जास्त ठेव. आपण तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यात अवघड. आईला तर फारच. एका पोरानं माझ्यादेखत सगळे चिंचोके "पाणी पिणे" यावर ओतले होते. टाकीजवळ एक कुत्रं बसायचं. कुत्रं हलवलं, पोरगं आलं.

तोवर घरात एक पथ्य. शाळेच्या वेळात घर हे घरासारखं नको. टीव्ही नाही, मोबाइल नाही, आजीबरोबर सागरगोटेही नाहीत. वह्या-पुस्तकं काढून बसायचं, मधल्या सुट्टीत डबाच खायचा. पण चेहरे पाडायचे नाहीत, टोमणे नाहीत. सागरगोटे सव्वापाचनंतर. सकाळी "जाणार का गं?" असं विचारू नका, त्याला "नाही" हेच उत्तर असतं. दप्तर भरायचं, वेण्या घालायच्या, जमलं तर जमलं.

दोन पोरांची आई

मध्येच विचारते, माझा साडेतीन वर्षांचा बालवाडीच्या दारात पाय घट्ट रोवून रडतो. यालाही चिंचोके ठेवायला लावू का?

निवृत्त खडू

नको बाई, नाकात घालील. त्या वयाचं वेगळं. आईपासून सुटण्याचं रडणं असतं ते. तुम्ही दारात रेंगाळू नका, मागच्या मागे पळूनही जाऊ नका. "जेवायच्या वेळी येते" असं सांगून निघायचं आणि त्या वेळेला खरंच हजर राहायचं. शाळा फार सकाळची असेल तर बोला त्यांच्याशी. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारनं २०२४-२५ पासून सांगितलंय. झोप न झालेलं पोर कुठंही रडतं.

प्रीतिसंगमावरची (चार दिवसांनी)

गुरुजी, चिंचोके नव्हते म्हणून सासूबाईंच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं. जुन्या कॅलेंडरच्या मागे चौकोन काढले. ह्यांनी त्या रात्री गाडी भरली नाही, तेही मांडी घालून बसले. आम्ही तिघंही गप्प. सासूबाई गप्प बसल्या हीच बातमी आहे.

रिक्षाच्या चौकोनावर एकही टिकली नाही. मला वाटत होतं तिथंच असणार, मोठ्या मुली असतात म्हणून. प्रार्थनेवर नाही. गणितावर अर्धी, फाडून लावली. मधल्या सुट्टीवर दोन. आणि हजेरीवर सगळं पाकीट.

हजेरी! मी विचारलं नाही, गुरुजी, शपथ. तीच हळूहळू बोलायला लागली.

हिचा नंबर ४७. आधी एक सर होते, ते नावानं घ्यायचे. ऑगस्टमध्ये नव्या बाई आल्या, त्या इंग्रजीतून नंबर घेतात, भराभर. पहिल्या दिवशी "फॉर्टी सेव्हन" झालं आणि हिला कळलंच नाही. गैरहजेरी लागली. दुसऱ्या दिवशी घाईत "फॉर्टी सिक्स"लाच प्रेझेंट म्हणाली. वर्ग हसला. बाई सहज म्हणाल्या, "सत्तेचाळीस झोपलीय वाटतं." झालं, तेव्हापासून मागच्या बाकावरची पोरं "झोपलेली सत्तेचाळीस" म्हणतात. डबा खाताना, पाणी पिताना, जिन्यात.

मला म्हणाली, "मी वनपासून मोजत बसते आई. तीसच्या पुढं गेलं की पोटात कळ येते."

गावात सहा पोरांत हिला नंबरच नव्हता हो कधी.

मधल्या सुट्टीच्या दोन टिकल्या म्हणजे संडास. एका दाराला आतून कडी नाही, मैत्रीण लागते दार धरायला, आणि अजून मैत्रीण नाही. म्हणून पाणीच पीत नाही. बाटली रोज भरलेली परत यायची ती मला वाटायचं शाळेत पाणी चांगलं मिळत असेल. डॉक्टर, तुमचं ऐकून लघवी तपासली. इन्फेक्शन निघालं, औषध चालू आहे. आणि तुम्ही सांगितलेलं ते दुसरंही विचारलं, एकटीला. तसं काही नाही. पण विचारताना माझाच हात थरथरत होता.

कडीचं मी समजू शकते. पण एका नंबरासाठी अकरा दिवस?

उसातला पळपुटा

अकरा दिवस नंबरासाठी नाहीत, ताई. गावात जी पहिलीला पाढे द्यायची, ती इथं रोज ४६ जणांच्या मागं वाट बघते आणि चुकली की हसतात. मला समजतं ते पोरीचं. रोखठोकभाऊ, आहात का?

रोखठोक

आहे. वाचलं. माझा नातू चौथीत आहे, त्याला आज विचारलं तुझा नंबर किती. शांतपणे सांगितलं त्यानं. पण मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, हे कबूल.

निवृत्त खडू

वा. आता गाठोड्यातली दोन भांडी बाहेर आली.

आकड्यांचं आधी. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात सत्तेचाळीसबरोबर "चाळीस सात" असंही दिलं तेव्हा टीव्हीवर आणि विधानसभेत केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. तुमची लेक त्याच पुस्तकावर शिकलेली असणार. तिला सांगा, इंग्रजी तसंच बोलतं : फॉर्टी सेव्हन म्हणजे चाळीस सात, त्याच क्रमानं. आपण उलट बोलतो, सात आधी आणि चाळीस मागून. घरी सासूबाईंना हजेरी घ्यायला बसवा. सासूबाईंचं इंग्रजी चुकेल, पोरगी दुरुस्त करेल, हेच हवंय.

शाळेत जाऊन बाईंना भेटा, पण हजेरीच्या वेळी नको, सुटल्यावर. टिकल्यांचा कागद न्या. "तुम्ही चिडवलंत" असं म्हणू नका, त्यांनी मुद्दाम केलेलं नाही. ६७ पोरांच्या वर्गात बाईंच्या तोंडून काय सुटतं ते त्यांना संध्याकाळी आठवतही नसतं, माझ्याही तोंडून सुटलंय. दोन गोष्टी मागा. तिला पुढच्या बाकावर घ्या, आणि स्टाफरूममधून हजेरीचा कॅटलॉग आणायचं काम तिच्याकडे द्या. ज्या पोराच्या हातून कॅटलॉग येतो त्याला हजेरीची भीती टिकत नाही. जादा तास असेल तर यंदा सोडून द्या.

आणि परत पाठवताना पूर्ण दिवस नको. पहिले दोन दिवस फक्त शेवटचा तास. लोक उलट करतात, सकाळी नेतात आणि रडली की परत आणतात. मग पोर शिकतं, रडलं की सुटका. शेवटच्या तासाला गेली की घंटा होते, सगळ्यांबरोबर दप्तर उचलून बाहेर पडते. मग शेवटचे दोन तास, मग मधल्या सुट्टीपासून. हजेरी सगळ्यात शेवटी. सोडायला शक्यतो तुम्ही जाऊ नका, मिस्टर दुपारी घरी असतात ना?

प्रीतिसंगमावरची (दिवाळीनंतर)

बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून लिहिते.

बाई पहिल्यांदा आखडून बोलल्या. टिकल्यांचा कागद बघितल्यावर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मी असं म्हणाले? आठवत नाही हो." नावानं हजेरी घ्यायला तयार नाहीत, वेळ जातो म्हणाल्या, तेही खरंच आहे. पुढचा बाक आणि कॅटलॉग दिला. शेवटच्या तासाची परवानगी मुख्याध्यापकांकडून लेखी आणायला लागली, दोन चकरा झाल्या.

हे रोज चारला टेम्पोतूनच सोडायला लागले. वाशीहून आलेला माणूस, डोळे लाल, पण गेले. पहिल्या दिवशी ती टेम्पोतून उतरेना. हे पण उतरले नाहीत, केबिनमध्ये दोघं शेंगा खात बसले आणि सुटायच्या वीस मिनिटं आधी ती गेली. पंधरा दिवसांत मधल्या सुट्टीपर्यंत आलो. सहामाहीच्या आधी दोन दिवस पूर्ण भरले. पहिली पूर्ण हजेरी दिली त्या दिवशी घरी आल्यावर सांगितलं नाही, आजीशी सागरगोटे खेळताना मध्येच म्हणाली, "आज मी चाळीस सात बरोबर दिलं."

दिवाळीच्या सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा पोट दुखलं. मी घाबरले. मंगळवारी गेली. या आठवड्यात सहापैकी चार दिवस. उलटी एकदाच. मॅनेजरशी बोलून मी साडेदहाची वेळ मागून घेतली, पगार थोडा कापतील.

चिडवणं पूर्ण थांबलेलं नाही. पण डबा खायला एक मैत्रीण झालीय, नंबर ४८. रोज हिच्यानंतर तिचाच आवाज येतो म्हणून ओळख झाली म्हणे.

कडीचं मात्र तसंच आहे. सांगून सांगून थकले म्हणून मीच हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणि चार स्क्रू घेऊन गेले, ह्यांना पान्यासकट. मुख्याध्यापक म्हणाले, असं पालकांना बसवता येत नाही, अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवू. अर्ज दिलाय. कडी माझ्या पर्समध्येच आहे.